बिनपंख्याचा पॉवर सप्लाय

३ मार्च, सोमवार. सकाळी साडेनऊ.

नवी वही. ही फक्त सर्व्हरच्या कामाची. काय ठरलं, कधी केलं, एवढंच लिहायचं. रडगाणं नाही. मी रडणाऱ्यातली नाहीच, पण वहीला आधी सांगून ठेवलेलं बरं.

कानांचा फोन आला. कान म्हणजे आमचे सगळ्यात जुने श्रोते. जन्मापासून दिसत नाही. आम्ही वाचून रेकॉर्ड केलेली झाडून सगळी पुस्तकं त्यांनी ऐकली आहेत. हे त्यांना कान म्हणायचे, तेच नाव पडलं. आता ह्यांच्या जागी शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई वाचतात. म्हणाले, वहिनी, मास्तरीणबाई वाचतात झकास, पण त्यांच्यामागे पिठाची गिरणी कोणी लावली आहे?

मी म्हटलं, गिरणी नाही भाऊजी, सर्व्हर आहे. कपाटात असतो.

म्हणाले, मग कपाटात गिरणी आहे.

अपमान वाटला. इतकं शांत ऑफिस या रस्त्यावर दुसरं नसेल. भिंतीवर घड्याळ नाही. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे. रेकॉर्डिंग सुरू झालं की फ्रिज बंद, फोन बंद, पाण्याची मोटर बंद. बावीस वर्षं मी इथे अनवाणी चालते. आवाज करणारी एकूण एक वस्तू आम्ही गप्प केली. सर्व्हर तेवढा राहिला होता.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलंच, साहेबांचं पुलाचं पुस्तक कधी देताय? ते गेल्यापासून, म्हणजे चौदा महिने, मी नदीच्या अलीकडच्या काठावर उभा आहे.

पूल बांधणाऱ्या इंजिनिअरची कादंबरी. कानांचीच फर्माईश होती. ह्यांची वाचून झाली २१२ पानं. राहिली १६२. सांगितलं, आधी सर्व्हर शांत करते, मग राहिलेली पानं मास्तरीणबाईंकडून वाचून घेते आणि जोडून देते. मे अखेर नक्की.

संकल्प: पंधरा दिवसांत सर्व्हर गप्प.

४ मार्च.

कॉम्प्युटरवाला आला. कपाटात डोकं घालून बराच वेळ ऐकत राहिला. म्हणाला, काकू, हा आवाज सर्व्हरचा नाही, त्याच्या पॉवर सप्लायचा आहे. म्हणजे भिंतीतली वीज सर्व्हरला पचेल अशी करून देणारा डबा. त्याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. नवा बसवू, अर्ध्या तासाचं काम.

म्हटलं, बसव.

म्हणाला, पण आधी कॉपी.

हे त्याचं पालुपद. तयार झालेली पुस्तकं लायब्रऱ्यांत पोचली आहेत, त्यांची काळजी नाही. पण ह्यांचं पुलाचं अर्धं पुस्तक आणि ह्यांचं सगळं कच्चं रेकॉर्डिंग फक्त या सर्व्हरवर आहे. कॉपीला सात तास लागतात, तेवढा वेळ वाचन बंद. मी म्हटलं, आत दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तेच सगळं आहे, म्हणजे एक कॉपी आहेच की. तर म्हणतो, काकू, दोन भाऊ एकाच घरात झोपले म्हणून घराला आग लागायची थांबते का?

बोलायला हुशार आहे. कॉपीसाठी वेगळी डिस्क मी गेल्या वर्षीच आणली आहे. ड्रॉवरमध्ये आहे. खोक्यात, सील न फोडता. एकदम सुरक्षित.

सोमवारी कॉपी.

८ मार्च.

पॉवर सप्लायचा अभ्यास सुरू. माझी शाळा चौथीत सुटली. नंतर हे आत वाचायचे आणि मी काचेबाहेर बसून पुस्तकावर बोट ठेवून ह्यांच्या चुका धरायची. अशी मी वाचायला शिकले. पाचशे पुस्तकांवरून बोट फिरवलेल्या बाईला एक डबा निवडता येणार नाही?

समजलं ते असं. सप्लाय गरजेच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा, म्हणजे त्याला धाप लागत नाही आणि पंखा हळू फिरतो. काहींचा पंखा शांत, पण आतली तारांची वेटोळी डासासारखी गुणगुणतात. काहींचा पंखा डबा तापेपर्यंत फिरतच नाही. आणि काहींना पंखाच नाही.

एका गृहस्थांनी इंटरनेटवर लिहिलं आहे: इतका शांत, की चालू आहे की बंद तेच कळत नाही.

मला हाच पाहिजे.

१० मार्च, सोमवार.

कॉपी आज नाही. मास्तरीणबाईंचा आवाज आज फार छान लागला होता. अशा दिवशी वाचन थांबवायचं म्हणजे लक्ष्मी आली आणि तोंड धुवायला गेले असं व्हायचं. पुढच्या सोमवारी.

१३ मार्च, गुरुवार.

मुलीचा फोन. ती लांब असते. दर गुरुवारी फोन करते आणि चार प्रश्न विचारते: जेवलीस का, गोळी घेतलीस का, झोप लागते का, कॉपी काढलीस का. पहिल्या तिन्हींना हो म्हटलं. चौथ्याला म्हटलं, चालू आहे. हे खोटं नाही. डिस्कचा खोका ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवला आहे.

म्हणाली, आई, बाबांचं फोल्डर एकदा तरी उघडलंस का?

म्हटलं, काम निघालं की उघडीन. काम नसताना फोल्डरं उघडत बसायला मला वेळ कुठे आहे?

१७ मार्च, सोमवार.

मोजमाप. फोनवर डेसिबल मोजायची सोय आहे. कपाटाजवळ ४३. काचेच्या आत, वाचायच्या खुर्चीत, ३१. कपाटाला आतून रजई ठोकली, खुर्चीत २९. रजईने दोन डेसिबल खाल्ले!

रजई ह्यांची. थंडीत छातीपर्यंत ओढून घ्यायचे. चांगल्या कामाला आली.

ठोकाठोकीत दिवस गेला. कॉपी राहिली.

२० मार्च.

कान पुन्हा पुलावर. म्हणाले, अर्धं तर अर्धं द्या, जसं आहे तसं द्या. त्यांना समजावलं, भाऊजी, आमच्याकडून कच्चा माल बाहेर जात नाही.

खरं तर त्या २१२ पानांची सफाई कधीच झाली आहे, आणि ती माझं सगळ्यात चांगलं काम आहे. ह्यांना तेव्हा खोकला फार. पहिल्या प्रकरणात तीन, चौथ्यात अकरा, सातव्यात सत्तेचाळीस. रोज वाचन संपलं की मी बसून एकेक कापायची. खोकला कापला की तिथे भोक पडतं. ते तसंच ठेवलं तर ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. म्हणून रोज शेवटी हे साठ सेकंद माइकसमोर नुसते बसायचे, न बोलता, आणि ती शांतता मी रेकॉर्ड करायची. तिला आम्ही ‘खोली’ म्हणतो. भोकात खोली भरायची. सातव्या प्रकरणात सत्तेचाळीस ठिकाणी खोली भरली आहे, एकही सांधा सापडणार नाही.

ह्यांना ऐकवलं होतं. ऐकून म्हणाले, अगं, मी तर ठणठणीत आहे!

किती हसलो होतो.

२४ मार्च, सोमवार.

निर्णय झाला. बिनपंख्याचा.

कॉम्प्युटरवाल्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, काकू, तो पंखा काय स्वतःपुरता फिरत नाही, सगळ्या सर्व्हरची गरम हवा तोच बाहेर टाकतो. आतला छोटा पंखा नुसती आतल्या आत ढवळतो. कपाटाला रजई, डब्याला पंखा नाही, वरून उन्हाळा. सर्व्हर ठेवायचा आहे की अंडी उबवायची आहेत?

म्हटलं, तू बसव. अंड्यांचं मी बघते.

कॉपीसाठी आजचा दिवस राखून ठेवला होता, तो या वादात गेला. याला मी जबाबदार नाही.

२८ मार्च. दुपारी.

बसवला! खुर्चीत २४ डेसिबल.

कॉम्प्युटरवाला दोन गोष्टी तीन तीनदा सांगून गेला. एक, रजई काढा. दोन, कपाटाचं दार कायम वीतभर उघडं ठेवा. पाच आठवडे तो नाही, बहिणीचं लग्न आहे. जाताना म्हणाला, काही लागलं तर मांडवातून उठून येईन, पण फोन करा. गुणी आहे. लग्नघरातल्या माणसाला कोण फोन करतं?

तो गेल्यावर दार उघडं ठेवून मोजलं: २६. बंद करून: २४.

दोन डेसिबल म्हणजे थोडे नाहीत. दार बंद ठेवलं. रजई राहू दिली. जुना सप्लाय टेबलाखाली सरकवला, कुणी मागितला तर देऊन टाकीन.

१ एप्रिल.

मास्तरीणबाई पहिल्यांदाच नव्या शांततेत वाचायला बसल्या. दोन पानांत बाहेर आल्या. म्हणाल्या, अहो, आत स्वतःच्या पोटातलं ऐकू येतंय हो मला. इतकं गप्प बरं नाही वाटत. तीस वर्षं मी वर्गात ओरडून सांगितलं ‘शांतता राखा’, कुणी राखली नाही. आता मिळाली तर भीती वाटते.

सवय होईल म्हटलं. मला पहिल्या महिन्यात घरीही असंच वाटायचं. होते सवय.

४ एप्रिल.

कपाटाचा नवा फायदा. मास्तरीणबाईंचा ओला रुमाल आत टाकला, अर्ध्या तासात खडखडीत वाळला.

९ एप्रिल.

वीज गेली तर असाव्यात म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर सहा मेणबत्त्या ठेवल्या होत्या. आज पाहते तर सहाच्या सहा खाली माना घालून वाकलेल्या, शिक्षा झालेल्या मुलींसारख्या. मास्तरीणबाई बघतच राहिल्या. मेणबत्त्या हलक्या दर्जाच्या निघाल्या. पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून.

१४ एप्रिल, सोमवार.

आज कॉपी करायचीच म्हणून लवकर आले. कपाट उघडलं तर सर्व्हरवर नारिंगी दिवा. याआधी नेहमी दोन हिरवे असायचे. आता एक हिरवा, एक नारिंगी. दिसतो छान. नव्या सप्लायबरोबर आला असावा.

दिव्याबरोबर आवाजही. पिप्. मग पाच सेकंद काही नाही. मग पिप्. एवढं सगळं गप्प करून शेवटी ही चिमणी!

सगळं बंद करून झाकण उघडलं आणि शोधून काढलं. कोटाच्या बटणाएवढी काळी गोल चकती आहे, तिच्या मधोमध भोक. भोकावर कापूस, कापसावर चिकटपट्टी, दोन थर. पुन्हा चालू केला. आवाज नाही. तंत्रज्ञाची गरज पडली नाही.

त्यात दीड तास गेला. सात तासांची कॉपी दीड तास उशिरा सुरू करून संपणार कधी? पुढच्या सोमवारी.

१७ एप्रिल, गुरुवार.

मुलीचा फोन. चार प्रश्न. चौथ्याला म्हटलं, डिस्क टेबलावरच आहे.

मागोमाग कॉम्प्युटरवाल्याचाही फोन, मागे ढोल, गलका. ओरडून विचारत होता, काकू, सगळं ठीक ना? कपाट उघडं आहे ना?

म्हटलं, उघडं आहे.

त्या क्षणी उघडंच होतं. मी रुमाल काढत होते.

दिव्याचं सांगितलं नाही. नुसता रंग बदलला म्हणून कुणाला बहिणीच्या लग्नातून उठवायचं?

२१ एप्रिल, सोमवार.

मोठा दिवस. पान २१३ पासून मास्तरीणबाईंचं पुलाचं वाचन सुरू. ह्यांनी वाक्याच्या मध्येच सोडलं होतं, तिथूनच.

सांधा बघायला ह्यांचं फोल्डर उघडलं. पहिल्यांदाच. कामासाठी. पूर्ण ऐकायची गरज नव्हती, कच्च्या रेकॉर्डिंगमधलं शेवटचं एक वाक्य ऐकलं: ‘आणि तिसऱ्या कमानीचा दगड बसवताना त्याच्या लक्षात आलं की’. यापुढे काय आहे ते मला माहीत आहे. यापुढे हे म्हणतात, थांब जरा, पाणी दे. मी ‘की’वर बोट दाबून बंद केलं. एक अक्षर पुढे जाऊ दिलं नाही. इतकी वर्षं कापाकापी केल्याचा हात आहे.

मग जोडून ऐकलं आणि डोकं धरलं. ह्यांच्या वाक्यामागे गिरणी. मास्तरीणबाईंच्या वाक्यामागे काहीच नाही. ‘की’ संपतो आणि गिरणी कुणीतरी गळा दाबल्यासारखी बंद होते. आंधळ्यालाच काय, बहिऱ्यालाही सांधा कळेल.

कानांना फोन करून विचारलं, ह्यांच्या वेळीही गिरणी होती, तर तेव्हा कधी बोलला नाहीत ते?

म्हणाले, होती ना. मला वाटायचं ती त्यांच्या छातीतच आहे. मग म्हणाले, तेव्हा बोलायला हवं होतं का हो वहिनी?

म्हटलं, छे.

नवा संकल्प: जुना सप्लाय टेबलाखालीच आहे, टाकला नाही हे किती शहाणपणाचं झालं. त्याचा नुसता पंखा मास्तरीणबाईंच्या खुर्चीमागे चालू करायचा. म्हणजे जो आवाज घालवायला महिना घातला, तो मुद्दाम आणायचा. पण आता तो आपल्या ताब्यात राहील. पुढच्या सोमवारी, कॉपीबरोबरच. दोन्ही कामं एका फटक्यात.

२४ एप्रिल.

गुरुवार असून मुलीचा फोन नाही. कानांचा आला. परवाचा एक नमुना त्यांना ऐकायला पाठवला होता. म्हणाले, शांतता छान आहे वहिनी. पण तुम्ही ऑफिसात घड्याळ कधी लावलंत?

म्हटलं, आमच्याकडे घड्याळ नाही.

म्हणाले, आहे. टक, टक, मग थांबतं, मग टक. आणि बिघडलंय ते. वेळ बरोबर दाखवत नसणार.

मी आणि मास्तरीणबाई दोघींनी श्वास रोखून ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, कपाटातून येतंय. कपाटाला कान लावला, चटका बसला. लाकूडच तापलं आहे, उन्हाने. कपाट उन्हात नाही, पण भिंत बाहेरून उन्हात आहे.

त्या नमुन्यातल्या टकटकी कापल्या. एकवीस. खोली भरली. कानांना पुन्हा पाठवला. म्हणाले, आता ठीक.

२८ एप्रिल, सोमवार.

ठरल्याप्रमाणे सगळी तयारी केली. वाचन बंद ठेवलं. मास्तरीणबाईंना सुट्टी. खोका समोर घेतला. सीलचं एक टोक नखाने उचललं. चिकट आहे. मग विचार केला, घाईघाईत फोडून काही बिघडवलं तर? कॉपी चालू झाली की एकेक फाईलचं नाव समोर येत राहतं, असं तो म्हणाला होता. ह्यांनीच दिलेली नावं. सात तास मी एकटीने काय ती वाचत बसायचं?

शुक्रवारी कॉम्प्युटरवाला येतो आहे. कॉपी आणि पंखा, दोन्ही तोच करील. चार दिवसांत काय आकाश कोसळतं?

टोक परत चिकटवलं. दिवस रिकामा गेला असं नाही, ऑफिस झाडून घेतलं.

२ मे, शुक्रवार. सकाळी.

आज सर्व्हर इतका शांत, की चालू आहे की बंद तेच कळेना.

बंद होता.

२ मे. संध्याकाळी.

कॉम्प्युटरवाला स्टेशनवरून थेट आला, हाताची मेंदीसुद्धा गेली नव्हती. कपाट उघडून आधी मागे सरकला. मग रजई ओढून काढली. खिळ्यांसकट. मेणबत्त्या पाहिल्या. रुमाल पाहिला. झाकण उघडलं, चिकटपट्टी सोडवली, आणि कापूस चिमटीत धरून विचारलं, काकू, हे काय आहे?

म्हटलं, कापूस.

मला वाटलं होतं अंड्यांचा विनोद करील. केला असता तर बरं झालं असतं.

मी सगळं सांगितल्यावर म्हणाला, चौदा एप्रिलला एक डिस्क गेली, नारिंगी दिवा त्याचाच. ओरडून सांगत होती. दुसरी एकटी ओढत होती. तिची ती टकटक. म्हणाला, या अठरा दिवसांत कधीही कॉपी काढली असती काकू, तर सगळं मिळालं असतं. सोमवारी तुम्ही सील उचललं ना? त्या दिवशीसुद्धा.

दोन्ही डिस्क तो घेऊन गेला. मेलेल्या डिस्कांतून माल काढणारे लोक असतात. आशा आहे. मी आशा सोडणाऱ्यातली नाही.

८ मे, गुरुवार.

मुलीचा फोन. एकच प्रश्न. उत्तर दिलं.

म्हणाली, आई, तुला कुठलाच आवाज चालत नाही. बाबांचा खोकलासुद्धा तू रोज...

अर्ध्यावर सोडलं. मीही पूर्ण केलं नाही.

ती येते आहे, पंधरा दिवस राहायला. कशाला, म्हटलं. मी ठीक आहे.

१६ मे.

निकाल आला. डिस्क आतून इतकी घासली गेली आहे की काही निघणार नाही. दोन्हींत तीच गत. तयार पुस्तकं लायब्रऱ्यांतून परत मिळतील. पुलाचं पुस्तक गेलं. कच्चं सगळं गेलं. म्हणजे ह्यांचं अडखळणं, चुका, मधूनच मला हाका मारणं, अगं चहा टाक, अगं ते पान उडतंय, अगं झोपलीस का काचेमागे, हे सगळं. हे कधी कुणाला द्यायचं नव्हतंच. ते नुसतं असायचं होतं.

कानांना कळवलं. म्हणाले, मास्तरीणबाईंना पहिल्या पानापासून वाचू द्या. मला पूल पाहिजे वहिनी. कोणीही बांधला तरी मी पलीकडे जाईन. आणि यावेळी खोकला आला तर कापू नका. मला कळू द्या.

त्यांना खोकल्याचं मी कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, तुमचे सांधे उत्तम होते. पण माणूस एवढा वेळ न खोकता वाचत नाही.

१९ मे, सोमवार.

माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मी काही ठेवत नाही. ठेवायचं ते सर्व्हरवर, ही ह्यांची शिस्त. पण आज एक फाईल सापडली. भोकं भरायला रोज लागायची म्हणून इकडे घेऊन ठेवलेली. नाव: ‘खोली, पान २१२’. शेवटच्या दिवसाची.

मास्तरीणबाई आल्या नव्हत्या. दार लावलं आणि ऐकली.

आधी गिरणी. मग तिच्या मागे हे बसलेले. बोलत नाहीत, पण बसलेले कळतात. एकदा खुर्ची कुरकुरते. एकदा नाकाने श्वास. पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आहे, म्हणजे पाणी मी दिलं होतं.

खोली साठ सेकंदांची असते. ही अठ्ठावन्नची आहे.

ते दोन सेकंद कुठे गेले ते मला माहीत आहे. कुठून कापले ते माहीत नाही. सकाळपासून सांधा शोधते आहे. सापडत नाही. काम चांगलं केलं होतं.

२६ मे, सोमवार.

मुलगी आली आहे. नवा सर्व्हर आला. सप्लाय पंख्याचा. कपाट काढून टाकलं, सर्व्हर उघड्यावर आहे, खुर्चीत ३३ डेसिबल. मास्तरीणबाई म्हणाल्या, हं, आता कुणीतरी आहे असं वाटतं. त्यांनी पुलाचं पान एक सुरू केलं.

डिस्कचा खोका मी स्वतः फोडला. कॉपी काढली. सात तास लागतील म्हणून मुलीने डबा बरोबर आणला होता.

एकच फाईल होती, ‘खोली, पान २१२’. मुलगी खुर्ची ओढून बसेपर्यंत झालं.